गादीवाफा : मातीच्या खात्यातील ठेव

शहरातील मध्यमवर्गीय माणसाच्या तोंडी सर्वाधिक असणारा शब्द बहुधा ‘चौरस फूट’ हा असावा. सदनिका घेताना चौरस फूट, गृहकर्जाच्या अर्जात चौरस फूट, मालमत्ता कराच्या देयकातही चौरस फूट. चटई क्षेत्र किती आणि बांधीव क्षेत्र किती, यावरून बांधकाम व्यावसायिकाशी हुज्जत घालणारा हाच गृहस्थ इमारतीच्या मागच्या बाजूला, कुंपणाच्या भिंतीलगत, दिवसाचे सहा तास ऊन खात पडून असलेल्या दोन-अडीचशे चौरस फुटांकडे मात्र कधी वळूनही पाहत नाही. तेथे तुटक्या फरश्या, गंजलेली सायकल आणि रंगाचे रिकामे डबे सुखाने नांदत असतात. किंवा कार्यकारी समितीने उत्साहाच्या भरात तेथे पेव्हर ब्लॉक बसवून टाकलेले असतात.

अशा तुकड्यावर मातीच्या उंच गाद्या रचून, त्यांत दाट लावणी करून भाजीपाला पिकवता येतो, हे आता बहुतेकांच्या कानावर आलेले आहे. शेतकऱ्याच्या भाषेत त्याला गादीवाफा म्हणतात. साताऱ्याकडील आले, सांगलीकडील हळद आणि सर्वत्र होणारी कांद्याची रोपवाटिका गादीवाफ्यावरच फुलते. तीन मीटर लांब, एक मीटर रुंद आणि पंधरा सेंटिमीटर उंच हे रोपवाटिकेच्या वाफ्याचे माप खेड्यातील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. शहरात मात्र हीच गोष्ट नव्या वेष्टनात येते. तयार पेट्या, तयार माती, तयार रोपे आणि त्यांसोबत ‘घरबसल्या भाजी फुकट’ असे आश्वासन. या आश्वासनाला भुलून मोठ्या हौसेने सुरुवात होते आणि वर्षभरात पेट्या रिकाम्या पडतात. दोष गादीवाफ्याचा नसतो. तो चुकीच्या हिशेबाचा असतो. गादीवाफ्याकडे भाजीवरचा खर्च वाचवण्याचे साधन म्हणून पाहिले, तर निराशा ठरलेली आहे. भांडवल उभे करण्याचे साधन म्हणून पाहिले, तर त्याच्याइतकी भरवशाची गुंतवणूक विरळाच. हे भांडवल म्हणजे अर्थातच माती.

माती सोबत नेणारे भाडेकरू

या विचाराचा सर्वांत बोलका दाखला एकोणिसाव्या शतकातील पॅरिस शहरात सापडतो. शहराच्या परिसरात लहान लहान वाड्यांतून भाजी पिकवणारे बागवान होते. त्यांना ‘मारेशे’ असे म्हणत. जागा थोडी, भाडे जबर आणि हिवाळा कडक. परंतु त्यांच्या हाताशी एक संपत्ती मुबलक होती. गाड्या ओढणाऱ्या असंख्य घोड्यांची लीद तबेल्यांतून रोज बाहेर पडत असे. ती कुजताना निर्माण होणाऱ्या उष्णतेवर हे बागवान वाफे उबदार ठेवत, त्यांवर काचेच्या घंटा आणि काचेच्या चौकटी झाकत आणि ऐन थंडीत कोवळी भाजी बाजारात आणत. एका वाफ्यात एकाच वेळी तीन-तीन पिके असत. मुळा उपटला जाईपर्यंत सॅलडची पाने भरत आणि ती काढली जाईपर्यंत फ्लॉवरचे रोप हातभर होई. मोरो आणि दावेर्न या दोन बागवानांनी १८४५ साली या पद्धतीवर एक सविस्तर पुस्तकच लिहिले.

रशियन विचारवंत क्रोपोटकिन यांनी १८९९ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केलेल्या लेखनात पाँस नावाच्या अशा एका बागवानाचा तपशील दिला आहे. पावणेतीन एकरांहूनही कमी जागेत, आठ माणसांच्या श्रमावर, वर्षाला अडीच लाख पौंड, म्हणजे शंभर टनांहून अधिक भाजी तो काढत असे. पण क्रोपोटकिन यांनी नोंदवलेली दुसरी गोष्ट या आकड्याहून मोलाची आहे. पॅरिसच्या बागवानांच्या भाडेकरारात एक अट सर्रास असे. जागा सोडताना ठरावीक खोलीपर्यंतची माती सोबत नेण्याचा अधिकार बागवानाला असे. कारण ती माती त्याने स्वतः, वर्षानुवर्षे खत घालून तयार केलेली असे.

हिशेबाच्या दृष्टीने ही अट फार अर्थपूर्ण आहे. जमीन मालकाची होती, माती मात्र भाडेकरूची होती. ज्याच्याजवळ स्वतःच्या नावावर वीतभर जमीन नव्हती, त्यानेही एक मत्ता निर्माण केली होती, आणि ती मत्ता करारनाम्याने मान्य केलेली होती. पुढे रस्त्यावरून घोडे गेले, मोटारी आल्या, जागांचे भाव चढले आणि हा व्यवसाय मावळला. लीद मिळेनाशी झाल्यावर त्या वाड्यांची ताकदही सरली. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, ही म्हण फ्रान्सच्या मातीलाही तितकीच लागू पडली.

ही परंपरा पूर्णपणे लोपली नाही, याचे श्रेय नंतरच्या काही साधकांना आहे. ॲलन चॅडविक या इंग्रज बागवानाने १९६७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ येथील परिसरात दोन कुदळी खोल खणून केलेल्या वाफ्यांची बाग फुलवली. जॉन जेव्हन्स यांनी १९७४ साली पुस्तकाद्वारे ही पद्धत सामान्य माणसापर्यंत नेली. मेल बार्थोलोम्यू या निवृत्त स्थापत्य अभियंत्याने १९८१ साली तिला अगदी अंकगणिताचे रूप दिले. चार फूट लांब, चार फूट रुंद वाफा. त्याचे एक-एक फुटाचे सोळा चौकोन. एका चौकोनात कोबी एक, सॅलड चार, पालक नऊ आणि मुळा किंवा गाजर सोळा. पाढे येणाऱ्या कोणालाही समजेल अशी ही मांडणी आहे.

दाटी आणि गर्दी

गादीवाफ्याचे यश दोन साध्या गोष्टींवर उभे असते. पहिली गोष्ट म्हणजे त्यावर कोणाचाही पाय पडत नाही. दोन्ही बाजूंनी हात पोहोचेल एवढीच, म्हणजे फार तर चार फूट, रुंदी ठेवली की आत उतरण्याची गरजच उरत नाही. वाफा भिंतीला टेकलेला असेल, तर ही रुंदी दोन फुटांवर आणावी. तुडवली न गेलेली माती भुसभुशीत राहते. पावसाळ्यात पाणी निचरून जाते आणि जमीन लवकर वाफशावर येते. वाफसा म्हणजे मातीच्या कणांमध्ये ओल आणि हवा दोन्ही योग्य प्रमाणात असण्याची अवस्था. मुळे पाणी पितात तशीच ती श्वासही घेतात, ही गोष्ट कुंडीत रोज तांब्याभर पाणी ओतणाऱ्या हौशी माणसाला सहसा ठाऊक नसते.

दुसरी गोष्ट दाट लावणीची. शेतात दोन ओळींमधील अंतर माणसाला आणि अवजाराला वावरता यावे म्हणून सोडावे लागते. वाफ्यात कोणी चालतच नाही, त्यामुळे ते अंतर झाडांना देता येते. चौकोनी मांडणीऐवजी एका ओळीतील रोप दुसऱ्या ओळीतील दोन रोपांच्या मधोमध आले, की तेवढेच अंतर राखूनही सुमारे पंधरा टक्के रोपे अधिक मावतात. वाढलेल्या झाडांची पाने एकमेकांना टेकू लागली, की त्यांचे छत तयार होते. त्याच्या सावलीत तणाला वाव मिळत नाही आणि ओलही लवकर उडत नाही.

येथेच सर्वाधिक चुका होतात. दाटी आणि गर्दी यांत फरक आहे. मुंबईच्या उपनगरी गाडीत तिघांच्या बाकावर चौथा सरकून बसतो. पाचव्याला उभेच राहावे लागते. वाफ्याचेही तसेच आहे. एका मर्यादेपर्यंत रोपे वाढवली, तर प्रत्येक झाड थोडे लहान राहूनही एकूण उत्पन्न वाढते. ती मर्यादा ओलांडली, की पाने पिवळी पडतात, हवा खेळत नाही आणि पावसाळी दमट हवेत करपा व भुरी यांना आमंत्रण मिळते. विरळणी करताना हौशी माणसाचा हात थरथरतो. उगवलेले कोवळे रोप उपटणे त्याच्या जिवावर येते. पण वेळेवर विरळणी न केलेला मुळा शेवटी पाल्यापुरताच उरतो.

शिवाय दाट लावणी जमिनीतून अन्नद्रव्येही दाटीनेच उचलते. जेथे चार झाडे जेवत होती तेथे नऊ झाडे जेवायला बसली, तर स्वयंपाकही वाढवायला हवा. प्रत्येक पीक निघाल्यावर इंचभर कुजलेल्या खताचा थर, वरून पालापाचोळ्याचे आच्छादन, पालेभाजीनंतर शेंगभाजी आणि शेंगभाजीनंतर कंदमूळ अशी फेरपालट ही या खात्यातील भरणा आहे. केवळ उचल करत राहणाऱ्या खातेदाराचे खाते जसे तिसऱ्या महिन्यात रिते होते, तसाच वाफाही तिसऱ्या पिकाला मान टाकतो.

हिशेब प्रामाणिक हवा

आता रुपयांचा हिशेब. आठ फूट लांब आणि चार फूट रुंद असा एक वाफा घ्यावा. त्याचे क्षेत्र बत्तीस चौरस फूट, म्हणजे सुमारे तीन चौरस मीटर. एक फूट उंचीसाठी बत्तीस घनफूट माती-खताचे मिश्रण लागेल. विटा, माती, खत, बियाणे आणि मजुरी मिळून समजा सहा हजार रुपये खर्च झाला. शेतात पालकाचे उत्पादन हेक्टरी दहा ते पंधरा टन धरले, तर चौरस मीटरला एक ते दीड किलो होते. म्हणजे एका वाफ्यातून एका पिकाला तीन ते साडेचार किलो. वर्षाकाठी पाच-सहा पिके घेतली, तर पंधरा ते सत्तावीस किलो. साठ रुपये किलो हा भाव धरल्यास नऊशे ते सोळाशे रुपयांची भाजी. त्यातून बियाणे आणि निंबोळी अर्क यांचा खर्च वजा जाता मूळ खर्च वसूल व्हायला पाच-सहा वर्षे सहज लागतील. उत्तम माती आणि कसलेला हात यांमुळे उत्पन्न दुप्पट झाले, तरी हा प्रकल्प घेऊन कर्ज मागायला आलेल्या अर्जदाराला कोणताही शाखा व्यवस्थापक चहा पाजूनच परत पाठवील.

स्वयंपूर्णतेचे स्वप्नही याच कसोटीवर तपासून पाहावे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांमध्ये प्रौढ व्यक्तीच्या दिवसभराच्या आदर्श ताटात ४०० ग्रॅम भाज्या सांगितल्या आहेत. चौघांच्या कुटुंबाला या हिशेबाने वर्षाला ५८४ किलो भाजी लागेल. एक वाफा त्यातील फार तर पाच ते नऊ टक्के गरज भागवील. एका वाफ्यावर मंडईला रामराम ठोकण्याची भाषा करणे म्हणजे पोस्टातील पहिल्या आवर्ती ठेवीवर निवृत्त होण्याची भाषा करण्यासारखे आहे. अंथरूण पाहून पाय पसरावे, हा जुना सल्ला येथेही पाळावा. परंतु या ५८४ किलोंतील एक चतुर्थांश पालेभाजी धरली, तर तिचा सहावा हिस्सा एकच साधा वाफा देऊ शकतो. दोन-तीन वाफे चांगले जोपासले, तर घरातील पालेभाजीचा मोठा भाग दारातूनच येतो. अंबाडी, चाकवत, चवळई, शेपू, माठ या मंडईत कधी मिळतात, कधी मिळत नाहीत, अशा भाज्यांना पुन्हा ताटात जागा मिळते. तोडल्यापासून तासाभरात फोडणीला पडलेल्या मेथीची चव कोणत्याही खतावणीत मांडता येत नाही, आणि तिच्यावर काय फवारले गेले आहे याची पूर्ण माहिती घरातल्यांना असते.

खरा लाभ मात्र ताळेबंदाच्या दुसऱ्या बाजूला दिसतो. घरातील फर्निचर, वाहन, दूरचित्रवाणी संच या प्रत्येक वस्तूवर दरवर्षी घसारा धरावा लागतो. नीट सांभाळलेली माती ही घरातील अशी एकमेव वस्तू आहे की जिचे मोल वापराने वाढत जाते. चौघांच्या घरातून रोज साधारण किलोभर ओला कचरा निघतो. मुरल्यावर त्याचे वजन पाव किलोच्या आसपास राहते, म्हणजे वर्षाला नव्वदएक किलो खत. तीन चौरस मीटरच्या वाफ्यावर वर्षातून दोनदा इंचभर थर द्यायलाही जवळपास एवढेच खत लागते. एका कुटुंबाचा कचरा आणि एक वाफा यांची अशी जोड बसते. जी वस्तू कचऱ्याच्या गाडीतून शहराबाहेरच्या डोंगरात जाऊन दुर्गंधी पसरवणार होती, ती मातीच्या खात्यात मुदत ठेव म्हणून जमा होते. दुसऱ्या वर्षी गांडुळे दिसू लागतात, तिसऱ्या वर्षी माती काळीभोर होऊन हातात मऊ लागते. हेच ते व्याज.

देशातील पाऊलखुणा

भारतात हा विचार परका नाही. कोलकात्याच्या पूर्वेला धापा येथे शहराच्या कचऱ्यातून तयार झालेल्या मातीवर अनेक दशके भाजीपाला पिकत आला आहे. पॅरिसच्या लीदेचा हा भारतीय अवतारच होय. मुंबईत अर्थशास्त्राचे अभ्यासक डॉ. आर. टी. दोशी यांनी वांद्रे येथील गच्चीवर उसाचे चिपाड आणि घरचा ओला कचरा यांच्या आधारे फळे व भाज्या पिकवून दाखवल्या. अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने गच्चीवर शेती करावी, यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. टाकाऊ गोष्टीतून मोल निर्माण करणे हा त्या शास्त्राचाच विषय आहे. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर २००२ मध्ये सुरू झालेल्या बागेनेही रोजच्या स्वयंपाकातील कचरा गच्चीवरच जिरवून तेथे हिरवळ उभी केली.

कोल्हापूरचे श्री. अ. दाभोलकर हे गणिताचे शिक्षक. ‘प्रयोग परिवार’ या त्यांच्या चळवळीने शेतकऱ्यांनी एकमेकांच्या प्रयोगांतून शिकावे, हा विचार रुजवला. दहा गुंठ्यांत एका कुटुंबाची गरज भागू शकते, अशी मांडणी त्यांनी केली. हिशेबाचा आधार त्यांनी सूर्यप्रकाशाला दिला होता. पान किती ऊन झेलते, यावर पिकाचे उत्पन्न ठरते. म्हणून ऊन वाया जाऊ देऊ नये, असे त्यांचे सांगणे होते. चौरस फुटांची चर्चा करणाऱ्या शहरी माणसाने उन्हाचे चौरस फूट मोजायला यांच्याकडूनच शिकावे. अरणचे संत सावता माळी यांनी आपल्या मळ्यातच विठ्ठल पाहिला. तो भाव साऱ्यांना साधेल असे नाही. पण मातीत हात घालणे हलके काम आहे, ही समजूत तरी त्यांच्या स्मरणाने गळून पडावी.

सावधगिरीच्या तीन गोष्टी

वाफा घालण्यापूर्वी तीन गोष्टींचा विचार अवश्य करावा. पहिली गोष्ट गच्चीच्या वजनाची. वापरात असलेल्या सपाट गच्चीवर वाढीव भार चौरस मीटरला सुमारे १५० किलो धरून आराखडा करण्याची भारतीय मानकांची पद्धत आहे. एक फूट जाडीची ओली माती चौरस मीटरला जवळपास पाचशे किलो भरते. म्हणजे जमिनीवरचा गादीवाफा उचलून जसाच्या तसा गच्चीवर नेणे हे इमारतीवर अन्याय करणे आहे. गच्चीवर नारळाचा भुसा, चिपाड आणि कंपोस्ट यांचे हलके व उथळ मिश्रण वापरावे, आणि तेही संरचना अभियंत्याला विचारून व गळतीची तजवीज करून. गादीवाफ्याची खरी जागा जमिनीवर आहे.

दुसरी गोष्ट हवामानाची. कोकण, गोवा, केरळ किंवा मुंबईत उंच वाफा हा पावसाळ्यातील रक्षक आहे. बडोदे, इंदूर, बंगळूर येथे तो बहुतेक वर्षभर चालेल. पण नागपूर, ग्वाल्हेर किंवा जयपूर येथील मे महिन्यात तोच वाफा भट्टीसारखा सुकतो. तेथे उन्हाळ्यापुरता खोलगट वाफा, भरपूर आच्छादन आणि दुपारची सावली हाच शहाणपणा ठरतो. अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडील कोरड्या प्रदेशात झुनी लोक पूर्वापार खोलगट वाफ्यांतच पिके घेत आले. उंचीचा आग्रह धरण्यापेक्षा पाण्याचे वर्तन पाहावे. वेलांचा मांडव वाफ्याच्या उत्तर टोकाला ठेवावा, म्हणजे त्याची सावली इतर पिकांवर पडत नाही.

तिसरी गोष्ट शुद्धतेची. न विलगलेल्या कचऱ्याच्या खतात काच, बॅटऱ्या आणि जड धातू येण्याचा धोका असतो. वाहत्या नाल्याचे पाणी भाजीला देणे तर सर्वथा वर्ज्य मानावे. रस्त्याकडेची, जुन्या गॅरेजची वा भंगाराची जागा असेल, तर तेथील माती न वापरता वरच्या वर नवी माती भरावी. ‘घरची’ हा शब्द शुद्धतेचे प्रमाणपत्र नव्हे. ती काळजी घेतल्याने येते.

गाव करी ते राव न करी

येथपर्यंतचा विचार एका कुटुंबाचा झाला. पण शहरात वैयक्तिक अंगण ही चैन आहे. जी जागा आहे ती सामाईक आहे. म्हणून गादीवाफ्याचा प्रश्न अखेरीस गृहनिर्माण संस्थेच्या सर्वसाधारण सभेत येऊन पोहोचतो. तेथे विषय निघताच हरकती ठरलेल्या असतात. डास होतील, उंदीर येतील, पाणी कोणाचे, आणि कोथिंबीर कोण कापून नेणार? यांतील पहिल्या दोन हरकतींना झाकलेले कंपोस्ट आणि न साचणारे पाणी हे उत्तर आहे. शेवटच्या दोन हरकती खऱ्या आहेत आणि त्यांकडे हसण्यावारी पाहू नये. सामाईक बाग मातीमुळे सहसा मरत नाही, ती वहीमुळे मरते. कोणी किती राबले आणि कोणी किती नेले याची नोंद नसली, की पहिल्या टोमॅटोबरोबरच पहिले भांडण पिकते.

यावर उपायही वहीच आहे. इच्छुक कुटुंबांना एक-एक वाफा वर्षाच्या कराराने, नाममात्र शुल्क घेऊन द्यावा. पाण्याची वेळ ठरवावी. संस्थेचे खत प्रत्येकाला मोजून मिळावे. सलग दोन महिने वाफा ओसाड ठेवणाऱ्याचा हक्क पुढच्या इच्छुकाकडे जावा. आणि पॅरिसच्या बागवानांची ती जुनी अट नव्या रूपात आणावी. ज्याने माती सुधारली, त्याला तिचे मोल मिळावे. वाफा सोडणाऱ्याने घातलेल्या खताची वाजवी किंमत नव्याने घेणाऱ्याने चुकती करावी. पागडी जागेची देण्यापेक्षा सुपीकतेची दिलेली केव्हाही चांगली.

२०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत पाच हजार चौरस मीटरहून मोठ्या संकुलांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा, अशी अपेक्षा नमूद करण्यात आली होती. त्यानंतर अनेक संकुलांत खताची यंत्रे आली. खत तयारही होऊ लागले. पण ते वापरायचे कोठे, हा प्रश्न उरला आणि पोती जिन्याखाली साचली. एकीकडे खताची पोती आणि दुसरीकडे पेव्हर ब्लॉकखाली गुदमरलेली जमीन! ज्या संस्थेकडे खत आहे, ऊन आहे आणि वेळ असलेले निवृत्त सभासद आहेत, त्या संस्थेने या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या पडून राहू देणे म्हणजे तिजोरीत रोकड कुजू देण्यासारखे आहे. निष्क्रिय शिल्लक कोणत्याही खातेदाराच्या हिताची नसते.

संकट आल्यावरच जागे व्हावे असेही नाही. सोव्हिएत संघ १९९१ मध्ये विघटित झाल्यावर क्यूबाला मिळणारे खनिज तेल आणि रासायनिक खते अचानक आटली. तेव्हा हवानातील मोकळ्या, राडारोड्याच्या जागांवर काठ बांधून, त्यांत कंपोस्ट भरून वाफे उभारले गेले. ‘ऑर्गानोपोनिको’ नावाने ते पुढे ओळखले जाऊ लागले. भुकेने शिकवलेला तो धडा होता. भारतीय शहरांनी तो सवडीने, सुखाच्या दिवसांत शिकावा.

शेतकऱ्याची बाजू

घरोघरी भाजी पिकली तर शेतकऱ्याचे काय, असा प्रश्न काही सुजाण मंडळी विचारतात. वर मांडलेला हिशेबच त्याचे उत्तर देतो. घरच्या वाफ्याची भाजी एकूण गरजेच्या तुलनेत अगदी थोडी असते. उलट शेतकऱ्याला त्यातून एक समंजस ग्राहक मिळतो. जुलै २०२३ मध्ये टोमॅटोचा भाव अनेक शहरांत किलोला शंभर रुपयांच्या वर गेला आणि शहरभर त्रागा झाला. दोनच महिन्यांत भाव कोसळून शेतकऱ्यांनी टोमॅटो फेकून दिले, तेव्हा मात्र शहर शांत होते. ज्याच्या वाफ्यातील चार टोमॅटोची झाडे एका अवकाळी सरीने करपली आहेत, तो मंडईत वाटाण्यावर घासाघीस करताना दोन क्षण थांबतो. पीककर्जाची थकबाकी म्हणजे केवळ आकडा नव्हे, हे त्याला समजते. कर्जाच्या कागदावर सही करणाऱ्या प्रत्येक नव्या अधिकाऱ्याने निदान एक हंगाम मेथीचा एक वाफा सांभाळावा, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती मानू नये. उगवण, मर, अतिवृष्टी हे शब्द तेव्हाच जिवंत होतात.

शाळांच्या आवारात, बँकांच्या कर्मचारी वसाहतींत, महिला बचत गटांच्या परसबागांत हाच प्रयोग करता येईल. बचत गटातील स्त्रिया आठवड्याचे दहा-वीस रुपये ज्या चिकाटीने जमा करतात, तीच चिकाटी मातीला हवी असते. अंगणवाडीच्या दारात एक वाफा शेवग्याच्या सावलीपासून जरा दूर, उन्हात घातला, तर मुलांच्या खिचडीत रोज मूठभर हिरवा पाला पडेल. हा लाभ कोणत्याही टक्केवारीहून मोठा आहे.

सुरुवात लहान असावी. एकच वाफा, चार फुटांचा. पहिल्या वर्षी मुळा, मेथी, पालक आणि कोथिंबीर या महिना-दीड महिन्यात हाती येणाऱ्या पिकांपलीकडे जाऊ नये. तयार पेट्यांवर पैसा न घालता तो खतावर घालावा. भिंतीवर एक वही टांगून तीत पेरणी, खत आणि तोडणी यांच्या तारखा लिहाव्यात. उत्पन्न कमी आले म्हणून खचू नये आणि जास्त आले म्हणून शेजाऱ्याला उपदेश करू नये. त्याऐवजी एक जुडी द्यावी.

पॅरिसचा बागवान वाडी सोडताना गाडीत माती भरत असे, तेव्हा पाहणाऱ्यांना त्याचे हसू आले असेल. जग सोनेनाणे नेते आणि हा चिखल नेतो! पण त्याला ठाऊक होते, की नव्या जागी पहिल्याच हंगामात उभे राहायचे, तर हीच पुंजी कामी येणार आहे. आजच्या पिढीने मुलांसाठी सदनिका घेतल्या, विमा उतरवला, ठेवी ठेवल्या. या यादीत सुपीक मातीचा एक वाफा जोडायला फारसा खर्च येत नाही. त्याचे वारसापत्र करावे लागत नाही आणि त्यावरील व्याजावर करही नाही. फक्त भरणा नियमित हवा.